सासूबाईंनी केलेलं माझं बाळंतपण

माझं पहिलं आणि शेवटचं बाळंतपण हिंगोलीत झालं. तेव्हा मी सव्वीस वर्षांचा, मिशा राखणारा, शाळेत गणित शिकवणारा गृहस्थ होतो. बाळंतपण उत्तम पार पडलं. माझी तब्येत अजूनही त्याची साक्ष देते.

खुलासा करतो. रीतीप्रमाणे पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. माझ्या बायकोचं, म्हणजे शकूचं माहेर पुसेगावचं. तिला पोचवायला म्हणून टांग्यात ट्रंक चढवली आणि मोटारस्टँडच्या निम्म्या वाटेत टांगा दवाखान्याकडे वळवावा लागला. मुलगी झाली! ट्रंक न उघडताच घरी परत आली. मागोमाग पुसेगावहून सासूबाई आल्या. सोबत दोन पत्र्याचे डबे, एक पोतं आणि चेहऱ्यावर 'माझ्या लेकीचं बाळंतपण ह्या मास्तरानं पळवलं' असा भाव.

"या मामी," मी म्हणालो. (आमच्याकडे जावई सासूला मामी म्हणतो.)

"आलेच हाय. पर एक सांगून ठिवते, जावईबापू. बारशापस्तोर बघीन. लेक अंगानं भरली तर ऱ्हाऊ द्या इथंच. न्हाई भरली, तर बारसं झाल्याबराबर लेकरासगट पुसेगावला नेईन. चार-सहा महिने तरी धाडनार न्हाई!"

चार-सहा महिने! मुलगी अजून मुठीएवढी होती. माझं बोट धरून झोपायची आणि ते बोट सोडवून शाळेत जाणं मला जड जायचं. सहा महिन्यांनी ती परत आली असती, तर मला बघून भोकाड पसरलं असतं. मला ते नको होतं. म्हणून मी मोठ्या तडफेनं म्हणालो, "मामी, शकू भरणारच! तुम्ही फक्त करून घाला."

हे वाक्य मी बोलायला नको होतं.

सासूबाईंनी चूल ताब्यात घेतली. डिंक, मेथी, खारीक, खोबरं, गोडंबी यांचे लाडू वळले. एकेक लाडू पोरांच्या रबरी चेंडूएवढा! वर अळिवाची खीर, तुपात भिजलेली बाजरीची भाकरी, लसणाची फोडणी दिलेली शेपूची भाजी आणि जेवणावर मूठभर ओवा नि बाळंतशेपा. हे सगळं ताट त्या शकूच्या बाजेपाशी ठेवायच्या आणि पुन्हा चुलीकडे जायच्या. मी आपलं साधं ताट घेऊन, लेकरू बघायच्या निमित्तानं तिथंच बसायचो.

पहिल्याच दिवशी शकू हळूच म्हणाली, "अवो, मला हे न्हाई जात. मेथीचा वास आला की पोटात ढवळतं. लहानपनापासून हाय तसं."

"मग मामींना सांग ना!"

"मी? गोडंबी काढाया बिब्बे फोडताना त्याच्या तेलानं तिचे हात उतलेत. आन् तिला म्हनू, मला तुझा लाडू नगं? तुमीच सांगा."

मी उठून स्वयंपाकघराच्या दारात गेलो. सासूबाई मुसळानं खारीक कुटत होत्या. प्रत्येक घावाला डब्यांची झाकणं वाजत होती. मी परत येऊन बसलो.

"सांगितलं?"

"दे इकडं तो लाडू," मी म्हणालो.

ताटांची अदलाबदल झाली. शकूनं माझ्या ज्वारीच्या भाकरीचा नि तुरीच्या वरणाचा फडशा पाडला, मी तिचा लाडू खाल्ला. खरं सांगायचं तर लाडू झकास होता! सासूबाई आल्या, रिकामं ताट बघून त्यांचा चेहरा उजळला. "बघा, पोरगी कशी खाऊन राहिली! शके, उद्या दोन देते."

दोनाचे तीन झाले. खीर वाटीतून तांब्यात गेली. मी खात राहिलो. शाळेत हेडसरांशी बोलताना मला ढेकर आला आणि सगळ्या ऑफिसात बाळंतशेपांचा घमघमाट सुटला. हेडसर खुर्ची मागं सरकवून म्हणाले, "गुरुजी, बाळंतीण घरी हाय की हितं?" मी हसण्यावारी नेलं. पण त्याच आठवड्यात फळ्यावर त्रिकोण काढता काढता माझा घोळणा फुटला. (ऐन उन्हाळ्यात मेथी आणि गोडंबी दुसरं काय करणार?) नाकातून रक्त बघून वर्गाची पाचावर धारण बसली. भूमिती इतकी अवघड असेल असं पोरांना वाटलं नव्हतं.

घरी सासूबाईंनी माझ्या डोक्यावर गार पाणी थापलं. "लई तकलीफ झाली का, जावईबापू? ऊन बाधलं. आता गरम काई खाऊ नका, बरं!" एवढं बोलून त्या शकूचं ताट वाढायला गेल्या. त्यात त्या दिवशी चार लाडू होते.

इकडं वेगळाच घोळ होत होता. सासूबाई रोज सकाळी शकूचं मनगट अंगठ्या-बोटाच्या कड्यात धरून बघायच्या. कडं सैलच! शकू मुळातच काटकुळी. भाकरी-वरणावर ती ठणठणीत होती, पण भरण्याचं काही नाव नव्हतं.

"येवढं खाऊन बी पोरगी काडीच! खाल्लेलं जाऊन तरी कुठं राहिलं?"

असं म्हणून त्या खोलीभर नजर फिरवायच्या. मी पोट आत ओढून, हातातलं पुस्तक पोटासमोर धरून भिंतीला टेकायचो.

"हितलं पानीच खराब हाय," शेवटी त्यांनी निकाल दिला. "पुसेगावच्या आमच्या हिरीचं पानी लागंल. बारसं झालं की नेते!"

मी घाबरलो. शकूला म्हणालो, "अगं, आता तू एक तरी खा!" तिनं डोळे मिटून एक घास घेतला आणि पदर तोंडाला लावून मोरीकडे धावली. मग मी ताटात दोन लाडू तसेच ठेवून बघितले, तर सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "पोरीचं खानंच सुटलं की वो! आता तर न्यायलाच पायजे!" म्हणजे लाडू संपले तर हिंगोलीचं पाणी वाईट म्हणून पुसेगाव आणि उरले तर भूक मेली म्हणून पुसेगाव. मी गणिताचा मास्तर, पण हे उदाहरण काही मला सुटेना. विचार करता करता उरलेले दोन लाडूही मीच खाल्ले.

बारशाचा दिवस उजाडला. पाळणा टांगला, गल्लीतल्या बायका जमल्या. दारापाशी ती ट्रंक पुन्हा बांधून तयार होती आणि मी तिच्याकडे पाठ करून पाळण्याची दोरी पुन्हा पुन्हा तपासत होतो. दुपारच्या गाडीनं मायलेकी जाणार हे ठरलं होतं.

"आधी आहेर," सासूबाई म्हणाल्या. आल्या दिवशीच त्यांनी शिंप्याकडे माझा एक जुना सदरा आणि शकूचा एक झंपर मापाला दिला होता. नवा सदरा बरोबर माझ्या मापाचा, झंपर मात्र चार बोटं ढिला, कारण बाळंतपणात अंग भरतं! शकू आत जाऊन झंपर घालून आली. त्यात अजून एक शकू मावली असती.

मग माझा सदरा. हात बाह्यांत गेले. गळ्याचं बटण लागलं. त्याखालचं आढेवेढे घेत लागलं. तिसऱ्या बटणाची आणि काजाची मात्र भेट होईना; मधून बनियन दिसत होता. मी श्वास आत ओढला, डोळे पांढरे केले आणि बटण एकदाचं लावलं. आता फक्त बोलायचं नव्हतं.

सासूबाईंनी झंपराकडे बघितलं. मग सदऱ्याकडे. मग पुन्हा झंपराकडे.

"शिंप्यानं मापं उलटी घेतली वाटतं," मी म्हणालो. बोलायला श्वास सोडावा लागला आणि बटण तुटून थेट हळदीकुंकवाच्या ताटात पडलं.

सासूबाई शांतपणे पुढं आल्या. "जावईबापू, लाडू कसे झाले व्हते?"

मी कुठल्याही प्रश्नाला खोटं उत्तर द्यायची तयारी ठेवली होती. पण हा प्रश्न इतक्या मायेनं आला की तोंडातून खरंच निघून गेलं. "फार छान, मामी. फक्त मेथी जरा जास्त पडली होती."

शेजारच्या काकू पदरात तोंड खुपसून खाली बसल्या. बाकीच्या बायकांना तेवढंही सुचलं नाही. पाळणा हलेपर्यंत हसल्या!

सासूबाई हसल्या नाहीत. "शके, मंग तू काय खात व्हतीस?"

"भाकरी आन् वरण. यांच्या ताटातलं." शकूचे डोळे भरून आले. "तुझे हात उतले व्हते, आई. कसं सांगनार व्हते?"

"आन् दूध?"

"पुरून उरतं. लेकरू तर बघ."

सासूबाईंनी मुलीला पाळण्यातून उचललं. इतके दिवस आम्ही शकूचं मनगट बघत होतो आणि लेकरू तिकडं आपलं आपण बाळसं धरत होतं. मांड्यांना वळ्या पडल्या होत्या. सासूबाईंनी तिला हातावर जोखलं, छातीशी धरलं आणि मग मला आपादमस्तक न्याहाळलं.

"ट्रंक आत ठिवा," त्या म्हणाल्या. "लेकीला नेऊन करू काय? खरी बाळंतीण तर इथंच हाय. आन् सव्वा महिना झाल्याबिगर बाळंतिनीला उंबऱ्याभायेर काढत न्हाईत!"

माझी मुलगी माझ्याजवळ राहणार होती. मला रडूच आलं. ते निव्वळ आनंदाचं होतं, पण काकूंनी लगेच माझी समजूत घातली. "व्हतं तसं. बाळंतपनात मन हळवं होऊन राहतं."

सासूबाई सव्वा महिना राहिल्या. शकूला दोन्ही वेळ भाकरी-वरण मिळालं. लाडूंचा उरलेला डबा वाया कसा घालवायचा, म्हणून तो मीच संपवला. शकूचा झंपर आत टीप मारून तिच्या मापाचा झाला. सदऱ्याला मात्र उसवायला जागाच नव्हती. त्याची दुपटी केली.

परवा दवाखान्यात नव्या डॉक्टरनं माझं पोट दाबून विचारलं, "आजोबा, हे कधीपासूनचं?"

"पहिल्या बाळंतपणापासूनचं," मी म्हणालो.

त्यानं गोंधळून शकूकडे बघितलं. ती अजूनही काडीच आहे. लेकरू पाळण्यातून खाली उतरायच्या आधीच काकूंनी मला दिलासा दिला होता, की बाळंतपणाचं पोट काही कायमचं नसतं, लेकरू चालायला लागलं की उतरतं. माझं लेकरू आता पन्नाशीला आलंय. चालतंही चांगलं. रोज सकाळी मलाच चालायला घेऊन जातं.