बाबा, कडू आहे

दिगंबरमामा रोज सकाळी पितळेच्या एका भांड्याला कान लावून बसलेले असत. भांडं दुमजली होतं. वरच्या मजल्यात कॉफीची पूड आणि उकळतं पाणी, खालच्यात थेंब थेंब उतरणारा काळा अर्क. पहिला थेंब वाजला की मामा डोळे मिटूनच म्हणत, "विसर्ग सुरू झाला." त्यानंतर त्यांच्या घरात बोलायला परवानगी असे.

मामांची सगळी नोकरी सिद्धेश्वर धरणावर गेली. पाण्याची पातळी बघायची आणि वहीत लिहायची, हे काम. तरुणपणी तिथल्या एका मद्रासी ओव्हरसियरनं त्यांना कॉफीची चटक लावली आणि बदली होऊन जाताना तो ते भांडं मागं ठेवून गेला. आमच्या जवळा बाजार गावात तेव्हा कॉफी म्हणजे तापातून उठलेल्या माणसाला द्यायची वस्तू. मामा मात्र धडधाकट असताना दिवसातून दोनदा पीत. पूड नांदेडहून एसटीचा ड्रायव्हर आणून देई. गाव त्या भांड्याला 'मामांचं धरण' म्हणे.

ते माझे सख्खे मामा नव्हेत. आमच्या घरांची भिंत एक, म्हणून मामा. त्याच भिंतीच्या जोरावर सकाळचा एक पेला माझा ठरलेला. मला ती कॉफी कडूजहर लागे, म्हणून मी तीन चमचे साखर घालत असे. मामा माझ्या चमच्याकडं बघत राहत. "मास्तर, तू साखर पिऊन राहिला. कॉफी नुसती सोबतीला हाय."

मास्तर म्हणजे मी. शाळेत मराठी शिकवत होतो, विरामचिन्हांसकट. हे 'सकट' पुढं लागणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

मामांच्या तोंडी धरणाचीच भाषा. सरूमामी चिडल्या की ते मला भिंतीवरून बजावत, "आज येऊ नको, पातळी धोक्याच्या वर हाय." त्यांचा एकुलता एक मुलगा सुधाकर नांदेडला एका दवाखान्यात रक्त तपासायचं काम करी. त्यानं तिथल्याच लिसी नावाच्या नर्सशी लग्न केलं. ती केरळातली, ख्रिस्ती. मामांच्या घराण्याकडं देवळातली पूजेची पाळी होती. मामांनी आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हणाले, "दरवाजे बंद केले." त्यानंतर मुलाचं नाव घेतलं नाही.

मामी मात्र दर बाजारच्या दिवशी भाजी आणायला म्हणून जात आणि एसटीडीच्या दुकानातून रिकामी पिशवी घेऊन परत येत. मामा विचारत, "भाजी?" मामी म्हणत, "महाग होती." मामा पुढं विचारत नसत. ज्या माणसानं तीस वर्षं पाण्याची बोटबोट मोजली, त्याला पिशवीची पातळी दिसत नव्हती असं मला वाटत नाही.

मग त्यांच्या छातीत धडधडायला लागलं. हिंगोलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, ठोका चुकतो आहे, चहा-कॉफी दोन्ही बंद. चहाचं मामांना काही नव्हतं. घरी येऊन त्यांनी धरण स्वतः चिंचेनं घासलं, उन्हात वाळवलं आणि कोनाड्यात पालथं घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते त्याच जागी बसले, मान तशीच कलती, पण कानाशी काही नाही. मामींनी भाजलेल्या गव्हाची कॉफी केली, धन्याजिऱ्याचा काढा केला, गवती चहा उकळला. मामा एक घोट घेत आणि पेला खाली ठेवत. "हे नुसतं गरम पाणी हाय. याला पातळीच न्हाई."

महिनाभरानं कापडात शिवलेलं एक पार्सल आलं. आत दोनेक किलो तपकिरी बिया, थेट बदामासारख्या. मामींना वाटलं, लेकानं बापाच्या छातीसाठी बदाम पाठवले. त्यांनी चार बिया रात्रभर भिजवल्या, सकाळी सोलल्या आणि कोणी पाठवल्या ते न सांगता मामांच्या हातावर ठेवल्या. मामांनी चावल्या आणि अंगणात थुंकल्या. "सरू, हे बदाम मेलेले हायेत."

पार्सलच्या तळाशी चिठ्ठी निघाली तेव्हा उलगडा झाला. त्या वेळी मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता आणि मामींना अक्षरओळख नव्हती. म्हणून मला हाक मारली. ओट्यावर आणखी दोघं-तिघं बसलेले होते. मामांना सुनेचा कागद आला, ही काही घरात बसून ऐकण्याची बातमी नव्हती.

चिठ्ठी लिसीची होती. मराठी ती वॉर्डातल्या पेशंटांकडून शिकलेली, त्यामुळं औषधाची चव सांगणारे शब्द तिला आधी आले असावेत. एकेक अक्षर सुटं काढून तिनं लिहिलं होतं : 'बाबा, कडू आहे पण चांगले आहे. कोको आहे. छातीला कॉफीसारखा त्रास नाही. भाजा, साल काढा, कुटा, उकळा. हळूहळू सवय होते. माझ्या वडिलांच्या झाडाचे आहे.'

आमच्या भागात माणसाला 'कडू' म्हणणं म्हणजे त्याच्या जन्मावर जाणं. आणि मला ओट्यावर हशा पिकवायची खोड. मी पहिलं वाक्य एका दमात वाचलं : "बाबा कडू आहे पण चांगले आहे."

हशा पिकला. चांगला दणदणीत पिकला. मामाही हसतील आणि मग मी नीट वाचून दाखवीन, असा माझा बेत होता. पण तो हशा मला आणखी थोडा हवासा वाटला, आणि तेवढ्यात मामा उठले. "पुढचं वाचू नको," म्हणाले आणि आत गेले.

उद्या सांगू, असं मी ठरवलं. उद्या वाटलं, ते विसरले असतील. परवा वाटलं, आता सांगितलं तर आपणच वाईट दिसू. स्वल्पविराम विसरला म्हणून मी पोरांचा अर्धा मार्क कापत असे. मामींनी बिया आणि चिठ्ठी पत्र्याच्या डब्यात घालून डबा माळ्यावर ठेवला. पुढच्या बाजारच्या दिवशी त्या पिशवी भरून भाजी घेऊन आल्या. त्याच्या पुढच्याही. मी भिंतीवरून ती वांगी, ती मेथी बघत होतो आणि गप्प होतो. अशी दोन वर्षं गेली.

मग हिंगोलीला मामांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटल्यावर त्यांना वाचायचं वेडच लागलं. औषधाच्या बाटल्या, कॅलेंडरची मागची बाजू, पुड्यांचे कागद, काही सुटेना. एका सकाळी भिंतीवरून हाक आली. गेलो तर डबा खाली उतरवलेला आणि चिठ्ठी मामांच्या हातात. 'बाबा'च्या पुढं त्यांचं बोट होतं.

"मास्तर, ह्याला काय म्हंतेत?"

"स्वल्पविराम."

"वाचताना दिसला नव्हता काय?"

खोटं बोलायला जागा होती. पण बोट तिथंच होतं. "दिसला होता," मी म्हणालो.

मामांनी त्या चिन्हावर नख टेकवलं. "एवढुशी फट," ते म्हणाले. "समदं पाणी गेलं की रे."

त्यांनी मला जायला सांगितलं नाही. बसायलाही सांगितलं नाही. तव्यावर बिया भाजल्या, सोलल्या, खलबत्त्यात कुटल्या. तूप सुटल्यासारखा काळा लगदा झाला. तो उकळून धरणात ओतला तर धरणच तुंबलं. मामा कान लावून वाट बघत बसले, थेंब काही पडेना. शेवटी म्हणाले, "गाळ बसला," आणि सगळं फडक्यानं गाळून घेतलं. मामींनी कधी नव्हे तो एक घोट घेतला. मामांनी डोळे मिटून पेला संपवला. "कॉफी न्हाई ही," ते म्हणाले, "पण कॉफीच्या सोयऱ्यातली हाय."

माझा पेला माझ्यापुढं सरकवला. मी सवयीनं साखरेच्या डब्याकडं हात नेला.

"साखर न्हाई. तुला न्हाई मिळायची."

त्या दिवसापासून सकाळचा पेला मला रोज मिळाला. साखर एकदाही नाही.

मामांनी पोस्टकार्ड स्वतः लिहिलं आणि माझ्यापुढं धरलं. "चिन्हं तपास." कार्डावर होतं : 'लिसी, कडू आहे, पण चांगले आहे. बिया संपत आल्या. दोघं या.' एक स्वल्पविराम त्यांनी आपल्या पदरचा जास्त दिला होता. माझ्याच हातानं मी ते पेटीत टाकलं. पण लिसी आणि सुधाकर तोवर नांदेड सोडून पुण्याला गेले होते, हे आम्हाला कुठं ठाऊक? भाजी यायला लागल्यापासून फोन बंद होते.

मामा रोज डबा हलवून बघत. "पंधरा दिवसांची पातळी." "दहा दिवसांची." दारातून पोस्टमन गेला की मान वळायची, आणि मग ते माझ्याकडं न बघता पेला उचलायचे. डब्यात चार दिवसांची पातळी असताना एका पहाटे ते झोपेतच गेले.

मामींना दवाखान्याचा नंबर अजून पाठ होता. तिथून पुण्याचा मिळाला. सुधाकर आणि लिसी आले तोवर सगळं आटोपलं होतं. सुधाकर ओट्यावर बसून राहिला. लिसीच्या पिशवीत एक पार्सल होतं, शिवून पत्ता घातलेलं. कार्ड ठिकठिकाणचे शिक्के घेत चार दिवसांपूर्वीच तिला पोचलं होतं.

आमच्याकडं मयताच्या घरात चूल पेटवत नाहीत. शेजारीपाजारी, सोयरे पिठलं-भाकरी आणतात, त्याला कडू घास म्हणतात. माझ्या बायकोनं नेलेल्या ताटाला मामींनी सकाळपासून हात लावला नव्हता. लिसीला यातलं काही माहीत नव्हतं. सासू उपाशी आहे एवढंच तिला कळलं. तिनं पार्सल उसवलं, स्टोव्ह पेटवला आणि तव्यावर बिया टाकल्या. दारातल्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. कोणीतरी म्हणालंच, "अगं, विस्तव..."

"पेटवू द्या," मामी म्हणाल्या. "सोयऱ्याच्या घरचं हाय आन् कडू हाय. कडू घासाला आणखी काय पायजे?"

त्यांनी पेला दोन्ही हातांत धरून घेतला. लिसीनं मलाही एक दिला. मग हळूच, पेशंटांकडून शिकलेल्या मराठीत विचारलं, "मास्तर, बाबांनी दोन वर्षं काहून नाही लिहिलं?"

मामींनी पेल्यावरून माझ्याकडं पाहिलं.

"डोळे," मी म्हणालो. "मोतीबिंदू होता त्यांना."

मामींनी पेला पुन्हा ओठाला लावला. लिसीनं मान हलवली, तिला ते पटलं. साखरेचा डबा तिनं माझ्यापुढं केला.

"साखर?"

"नको," मी म्हणालो.