रूथ आणि ज्वारीचा सरवा

लेक बाळंतपणाला माझ्याकडे आली होती. बाळाला मांडीवर घेऊन ती म्हणाली, "हिचं नाव रूथ ठेवावं म्हणतोय आम्ही." मी तुरीच्या शेंगा सोलत होते. मी म्हटलं, "छान आहे." नातीच्या नावाला दुसरं काय म्हणणार? शिवाय अंगणवाडीत पोरं सांभाळण्यात जन्म घालवल्यावर मला कुठल्याच नावाचं नवल राहिलेलं नाही. आधी फुलांची नावं आली, मग टीव्हीवरच्या मालिकांतली. आता ती फोनमधून येतात, दोन-दोन अक्षरांची, आणि कुठल्या मुलखाची ते आईबापांनाही सांगता येत नाही. माझ्या लेकीला निदान एवढं माहीत होतं की हे नाव हिब्रू आहे, यहुदी लोकांच्या जुन्या भाषेतलं.

"पण आजी हो म्हणाली तरच," ती म्हणाली.

आजी म्हणजे माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्या ओसरीवर उन्हाला पाय सोडून बसल्या होत्या. रविवारी विहारात नाव ठेवायचं होतं आणि आमच्या घरात त्यांच्या होकाराशिवाय नाव ठरत नाही.

"मतलब काय हाये त्याचा?" त्यांनी विचारलं.

"ते अजून बघितलं नाही आजी. पण छोटं आहे, गोड आहे."

"गोड तं गूळबी असते. मतलब ठाव नसलं नाव पोरीच्या गयात बांधू नोका."

लेकीचं तोंड एवढंसं झालं. पण मी मध्ये पडले नाही, कारण आत्याबाईंचं म्हणणं मला समजत होतं. जन्मल्यावर गावानं त्यांना जे नाव दिलं, ते कचऱ्यावरून होतं. मी ते इथं लिहिणार नाही. त्या लहान होत्या तेव्हा घरच्यांनी धम्मदीक्षा घेतली आणि वडलांनी त्यांना नवं नाव दिलं. त्या दिवशी ही मुलगी संध्याकाळपर्यंत स्वतःच स्वतःला हाका मारत आणि स्वतःच ओ देत गल्लीतून हिंडली होती. अशा बाईला नावाचा अर्थ विचारू नका, असं कोणत्या तोंडानं सांगायचं?

दुसऱ्या दिवशी दुपारी मीच फोन घेऊन त्यांच्याजवळ बसले. ऊन पातळ होतं. गल्लीपलीकडच्या वावरात ज्वारीची सोंगणी चालू होती आणि धुळीमुळे सगळं शिवार झोपेत असल्यासारखं दिसत होतं. बाळ झोळीत झोपलं होतं. आत्याबाईंनीही डोळे मिटले होते. मी हळू आवाजात वाचत होते, अर्धं त्यांच्यासाठी आणि अर्धं माझ्यासाठी.

रूथ म्हणजे बहुतेक सोबतीण. जाणकारांचं एकमत नाही, पण बरेच जण हाच अर्थ सांगतात. परदेशात एके काळी हे नाव घरोघरी होतं, मग म्हाताऱ्या बायांचं म्हणून मागं पडलं, आता पुन्हा ठेवायला लागलेत. आपल्याकडे ख्रिस्ती घरांत आहे, कोकणातल्या यहुदी घरांतही आहे. आणि मूळ रूथ कोण, तर फार जुन्या काळातली एक विधवा सून. तिला माहेरी परत जाता येत होतं. ती गेली नाही. सासूबरोबर परक्या गावी आली आणि लोकांच्या वावरात सरवा, म्हणजे सोंगणीत गळालेली कणसं, वेचून तिनं दोघींचं पोट भरलं.

तिथं मी वाचायची थांबले.

माझा नवरा गेला तेव्हा लेक रांगत होती. भाऊ माहेराहून, मानोऱ्याहून, मला न्यायला आला होता. एवढी सुगी होऊ दे, मग बघू, असं सांगून मी त्याला परत पाठवलं. मालकाची गाडी कणसं भरून निघून गेली की मागं पडलेला सरवा वेचायला आम्ही दोघी वावरात शिरायचो. त्याआधी पाय टाकायची रीत नव्हती. आत्याबाई तासाला, म्हणजे पिकाच्या ओळीत, पुढं, मी मागं. धुक्यात त्यांचा नुसता पदर दिसायचा. त्या पुढं असूनही ओटी माझीच आधी भरायची आणि मी त्यांना चिडवायचे, "आत्याबाई, तुम्हाला दिसत नाही आता." सुगी संपेपर्यंत मला वाटायला लागलं की या मातीत आपलं पोट भरेल. मी राहिले. माझी नजर चांगली म्हणून निभावलं, असंच मी आजवर समजत आले.

आणखी एक ओळ राहिली होती, ती वाचली. त्या वावराच्या मालकानं सोंगणाऱ्यांना बजावलं होतं, की तिच्यासाठी मुद्दाम थोडी कणसं खाली टाकत जा.

आत्याबाईंनी डोळे उघडले. "मुद्दाम टाकाले लावले?"

"हो."

"मीबी टाकत होती."

"काय?"

"कणसं. ओटीतून काढू काढू तुह्या म्होरं टाको. तुहा भाऊ न्याले आल्ता ना. मले भेव वाटे. रिकाम्या ओटीनं घरी आली, तं तू जाशीन."

"मग मला कधी सांगितलं का नाही?"

"काय सांगू? तू तं मले आंधयी म्हने," त्या हसल्या. मग झोळीची दोरी ओढत म्हणाल्या, "ठेवा थेच नाव. आपल्या घरातलंच हाये."

मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

रविवारी वंदना झाल्यावर लेकीनं नाव सांगायला आजीलाच पुढं केलं. आत्याबाईंनी वाकून बाळाच्या कानात ते सांगितलं. मग कंबर धरून सावकाश सरळ झाल्या, बायांच्या घोळक्यात मला शोधलं आणि मोठ्यानं हाक मारली, "रूथ!"

सगळ्यांनी बाळाकडे पाहिलं. मी ओ दिली.