ठकूमावशींची ओटी

ही गोष्ट घरात कुणाला माहीत नाही. मंडळातल्या बायकांना तर नाहीच. तुम्हाला का सांगते आहे? कारण शोधत बसले तर पुन्हा राहून जाईल — म्हणून सांगूनच टाकते.

आधी एक गोष्ट. सहल काढावी तर मीच. बारामतीतल्या आमच्या महिला मंडळाची दर उन्हाळ्यातली एका दिवसाची सहल माझ्याकडे असायची. कोण कुठे बसणार, कुणाला गाडी लागते, कुणाचा उपास, आल्याची वडी कुणाच्या पिशवीत — सगळं आधी ठरलेलं. सकाळी लोणी भापकरचं जुनं देऊळ, मग मोरगावला दर्शन, दुपारी उलट्या दिशेला भिगवणकडे, धरणाच्या पाण्यावर रोहित पक्षी बघायला. आणि दिवेलागणीच्या आत ज्याची त्याची घरं. बायकांना घरून सोडत ते याच एका भरवशावर — सुमनताईंची गाडी उशिरा येत नाही. याचा मला अभिमान होता. अजूनही आहे. तो लपवून पुढचं सांगता येणार नाही.

नव्वदीनंतरचा कुठलासा उन्हाळा. त्या साली शेजारच्या ठकूमावशी पहिल्यांदाच आमच्याबरोबर आल्या. मुलगा एमआयडीसीत कामाला, म्हणून त्या आणि त्यांचे यजमान तात्या बारामतीत राहायला आलेले. मावशींचं माहेर इंदापूर तालुक्यातलं, नदीकाठचं — उजनीच्या पाण्यात गेलेलं. गाव वर माळावर वसलं, देवीची मूर्तीही वर नेली. जुनं दगडी देऊळ मात्र पाण्यातच राहिलं. पाणी फार उतरलं की ते उघडं पडतं, आणि गावच्या लेकी जमेल तशा येऊन तिथे ओटी भरतात. मावशींना ते जमलं नव्हतं. गाव उठल्यापासून एकदाही नाही.

"वाटंवरच हाय गं," त्या मला म्हणाल्या होत्या. "तुमी पाखरं बगा, मी तेवढी आईला भेटून येते."

मी हो म्हटलं होतं. विचार करून, नीट हो म्हटलं होतं.

मोरगावला रांग मोठी निघाली आणि तिथेच उशीर झाला. भिगवणला जेवताना बायका खिदळत होत्या. "सकाळी गणपती आन दुपारी मासं? सुमनताई, पुण्य हितल्या हितंच फिटलं की वो!" मी हसले, पण डोळे घड्याळावर होते. पक्षी बघून झाले. मग मावशींच्या माहेराकडच्या काठाला गाडी थांबवली.

वरून वेड्या बाभळींमुळे काही दिसत नव्हतं. मावशींचे गुडघे धरलेले. त्या गाडीजवळ थांबल्या आणि मी एकटी उतरणीवरून खाली गेले. एक मासेमार जाळं सोडवत बसला होता. वर गाडीत म्हातारी मावशी आहेत, त्यांना ओटी भरायचीय, देऊळ दिसतं का, म्हणून त्याला विचारलं.

"दिसतंय म्हंजी? ह्यो काय म्होरं! उंबरा सुदिक उघडा पडलाय औंदा. म्हातारीला धरून आना खाली, होडीतनं पार दारात सोडतो."

मलाही दिसत होतं. काळा दगड, त्यावर वाळलेल्या चिखलाचे पापुद्रे, आणि दारात कुणा लेकीने वाहिलेला हिरवा खण.

वेळ किती गेला असता? तासभर. बायका कुरकुरल्या असत्या का? नाही — निम्म्या तर मावशींबरोबर होडीत बसल्या असत्या. ड्रायव्हर? त्याला गप्प करणं मला अवघड नव्हतं. मग? — मग काही नाही. मला गाडी वेळेवर न्यायची होती.

मी वर आले. "मावशी, पाणी अजून वर आहे. देऊळ दिसत नाही."

"कळस बी न्हाय?"

"कळसही नाही."

माझा आवाज जराही हलला नाही.

त्या थोडा वेळ बाभळींकडे पाहत राहिल्या. मग पिशवीतून खण, नारळ, तांदूळ काढले. देवीच्या नावाने आणलेली ओटी घरी परत न्यायची नसते. देवीपर्यंत पोचता आलं नाही तर तिच्या नावाने एखाद्या सवाष्णीची भरायची.

"पदर पसर, सुमन."

"मला कशाला मावशी —"

"तू आनलंस हितवर. आता तुज्यातच बगायची आई."

मी पदर पसरला. त्यांनी कुंकू लावलं, ओटी भरली, आणि एका हाताने गाडीचं दार धरून, कण्हत वाकून — त्या माझ्या पाया पडल्या. माझ्या आईच्या वयाची बाई. माझे हात पदरात अडकले होते, असं म्हणता येईल. तोंड तर मोकळं होतं.

दिवेलागणीच्या आत आम्ही बारामतीत होतो. बायकांनी कौतुक केलं आणि मी ते घेतलं.

पुढच्या उन्हाळ्यांत आम्ही गेलो तेव्हा पाणी तेवढं उतरलेलंच नसायचं. त्या वेळी मी खरं सांगत होते. मग मावशी आजारी पडल्या आणि गेल्या.

तेराव्यानंतर मी भेटायला गेले. घरात सून एकटीच होती. चहा पुढे ठेवत म्हणाली, "आत्याबाई शेवटपतुर म्हनायच्या, आई माज्यावर रुसली, म्हनून पान्याभायेर आली न्हाय. लई मनाला लावून घेतलं हुतं त्यांनी." आणि लगेच, "खरंच दिसत न्हवतं का वो ताई?"

तिथे कुठलीही गाडी खोळंबली नव्हती. कुणाला घरी पोचायचं नव्हतं. समोर चहा होता आणि दुपार अख्खी पडली होती.

"नव्हतं दिसत," मी म्हणाले.

दिसत होतं. उंबऱ्यासकट दिसत होतं.