पाटकऱ्याची पोर विलायतेच्या ओहोटीत

नाशिकरोड स्टेशनवर मला पोचवायला अर्धी धरण कॉलनी आली होती. काशिनाथमामांनी त्यांच्या मळ्यातल्या झेंडूचा असा भरगच्च हार घातला, की गाडी सुटेपर्यंत मला समोरचं नीट दिसेना. आई दशम्यांचा डबा तीनदा उघडून तीनदा बंद करत होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, ड्यूटीवरून थेट आले होते. चपलांना पाटाचा चिखल तसाच होता.

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची. मी सतरा वर्षांची होते आणि शिडाच्या होड्यांच्या शर्यतींसाठी भारताच्या युवा संघातून इंग्लंडला निघाले होते. नाशिकला समुद्र कुठे, असं तेव्हा जो तो विचारायचा, अजूनही विचारतात. नाशिकला समुद्र नाही, पण गंगापूर धरण आहे. अण्णा तिथे पाटकरी (कालव्याचं पाणी पाळीपाळीने शेतांना सोडणारा सरकारी माणूस) होते आणि आम्ही धरणाच्याच कॉलनीत राहायचो. शहरातल्या काही हौशी मंडळींनी धरणाच्या पाण्यावर चार-पाच होड्या ठेवल्या होत्या. त्यातले एक इंजिनिअर दर रविवारी कॉलनीतल्या मुलामुलींना शिकवायचे. बाकीच्यांची हौस दोन महिन्यांत फिटली. मी मात्र चार वर्षं चिकटून राहिले. डोंगराला वळसा घालून धरणावर येणारा वारा फार लहरी असतो, तो ज्याला जमला त्याला कुठलाही वारा जमतो, असं ते म्हणायचे. मुंबईच्या निवडचाचणीत ते खरं ठरलं आणि दोघींच्या होडीचं सुकाणू माझ्या हातात आलं. तिथल्या एका मुलीने मला ‘धरणवाली’ म्हटलं. मी ऐकून घेतलं, पण विसरले नाही.

गाडी हलली तसे अण्णा खिडकीशी आले आणि म्हणाले, “सुजा, पाणी बघून चालव बरं.”

मी हसले. शिडाची होडी वाऱ्यावर चालते, पाण्यात बघायचं काय, असं माझ्या मनात आलं. पण साऱ्या कॉलनीसमोर अण्णांना कुठे शिकवत बसू? “हो,” म्हटलं आणि हात हलवला.

विमानात बसायची माझी पहिलीच वेळ. माझी जोडीदार नीलिमा नौदलातल्या अधिकाऱ्याची मुलगी, तिला कशाचंच अप्रूप नव्हतं. मी मात्र पट्टा असा आवळून बसले, की तिने शेवटी स्वतःच्या हाताने तो सैल केला. आमच्यासोबत मुलांच्या दोन जोड्या होत्या आणि प्रशिक्षक साळवी सर. सर नौदलातून निवृत्त झालेले, मूळचे मालवणकडचे. बोलणं मोजकं आणि मिशी भारदस्त. मला निवडलं त्यांनीच, पण त्यांच्या मनातली शंका काही गेली नव्हती. मधूनच ते माझ्याकडे बघायचे, तेव्हा ती दिसायची.

लंडनहून बसने दक्षिण किनाऱ्याकडे निघालो. हिरवीगार कुरणं, दगडी कुंपणं, जिकडेतिकडे मेंढ्या, पण शेतात माणूस औषधालासुद्धा नाही. आमच्याकडे मखमलाबादच्या मळ्यांत या वेळेला निदान पाच-पन्नास माणसं वाकलेली दिसली असती. एवढ्या जमिनीकडे बघतं तरी कोण, हा विचार करता करता मला झोप लागली. जागी झाले ती थेट बंदराशी. दुपार कलली होती. काठोकाठ भरलेलं निळं पाणी आणि त्यावर डोलणाऱ्या पांढऱ्या होड्या बघून माझा सगळा शीण गेला. पाणी शांत दिसत होतं, अगदी आमच्या धरणासारखं.

मला आणि नीलिमाला बंदराजवळच मिसेस हार्पर नावाच्या बाईंच्या घरी उतरवलं होतं. बाई साठीच्या, अंगाने किडकिडीत आणि बोलायला भारी उत्साही. त्यांनी उकडलेले बटाटे, उकडलेले वाटाणे आणि उकडलेला मासा वाढला. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि मी बॅगेतून आईची लसणाची चटणी काढली. बाईंनीही कौतुकाने चमचाभर घेतली. मग त्यांनी पाण्याचे दोन पेले रिकामे केले. डोळे पुसून झाल्यावर “छान आहे” म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी बरणी कुठे आहे ते त्यांनीच विचारलं.

सकाळी खिडकी उघडली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “अगं नीलिमा, पाणी कोणी सोडलं?”

काल जिथे पाणी होतं तिथे नुसता चिखल. होड्या कुशीवर आडव्या पडलेल्या. भरती-ओहोटी मी शाळेत शिकले होते. मुंबईच्या चाचणीत चार दिवस समुद्रावरही होते, पण तिथे सोसाट्याच्या वाऱ्यात मान वर काढायला फुरसत नव्हती. माझ्या हाडात मुरलं होतं ते एवढंच, की पाणी उतरलं म्हणजे कोणीतरी दरवाजे उघडले. नीलिमा गादीवर लोळून लोळून हसली. न्याहारीपर्यंत ही गोष्ट मुलांनाही कळली आणि मग दिवसभर जो तो मला दरवाजे बंद करून यायला सांगत होता.

इथवर गंमत होती. शर्यत सुरू झाली आणि गंमत संपली.

एकूण चौतीस होड्या. सुरुवात आम्ही झकास केली. वाऱ्याची प्रत्येक झुळूक मला दिसत होती, शीड बरोबर धरलं होतं. पहिल्या बोयावर (पाण्यात नांगरलेल्या तरंगत्या पिंपावर) होडीचं नाक रोखून मी ती सरळ नेत होते. पण तो बोया काही केल्या जवळ येईना. उलट बाजूबाजूला सरकू लागला. मी सुकाणू दाबलं, पुन्हा दाबलं. नीलिमा ओरडत होती, “सुजाता, आपण वाहत चाललोय.” वारा तर मी सोडला नव्हता, मग वाहत कशाने चाललो तेच मला उमगेना. शेवटी होडी बोयाला घासली. घासली की त्याला पुन्हा वळसा घालायचा, असा नियम होता. त्या एका वळशाला आम्हाला इतका वेळ लागला, की पुढचे लोक दुसऱ्या बोयाशी पोचले होते. आमचा नंबर आला तेहतिसावा. चौतिसाव्या होडीची डोलकाठी मोडली होती.

धक्क्यावर साळवी सर उभे होते. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

“वारा तुला कळतो, सुजाता,” ते म्हणाले. “पण इथे वाऱ्याखाली पाणीही चालतं. उद्या पहिल्या पंधरात आलीस तर ठीक. नाहीतर परवापासून सुकाणू नीलिमा धरेल. शर्यतीच्या समितीला मी विचारून ठेवलंय.”

“आणि मी?”

“तू पुढे बसून शीड सांभाळायचं.”

नीलिमाने माझ्याकडे बघायचं टाळलं. तिची यात काहीच चूक नव्हती, तरी मला तिचाही राग आला. बंदरातल्या होड्यांच्या क्लबच्या भिंतीवर काळा फळा होता. एक म्हातारा गृहस्थ त्यावर खडूने निकाल लिहायचा. होडीच्या नावापुढे नंबर आणि खेळाडूंचं गाव. आमच्यापुढे ‘मुंबई’ लिहिलं होतं, कारण सगळ्यांचे अर्ज मुंबईहून गेले होते. खरं सांगते, त्या दिवशी तिथे नाशिक लिहिलेलं नाही याचं मला बरंच वाटलं. नंतर या बरं वाटण्याचीच मला लाज वाटली. स्टेशनवर आलेली ती सगळी माणसं डोळ्यांसमोर आली आणि जेवण गेलं नाही.

सकाळी मिसेस हार्पर अंगणात कुंड्यांपाशी बसल्या होत्या. कुंड्यांत चक्क झेंडू होता. आपल्यासारखा टपोरा नव्हे, लहान, बटणाएवढा. सुकलेली फुलं खुडून त्या बादलीत टाकत होत्या, म्हणजे नवी येतात म्हणे. ती बादली बघितली आणि मला अण्णा आठवले.

आमच्या घरी बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोंसमोर रोज झेंडूची फुलं असायची. काशिनाथमामांच्या घरून यायची. आदल्या दिवशीची शिळी फुलं अण्णा खिशात घालून ड्यूटीवर न्यायचे. पाटाच्या काठावर दोन दगडांवर त्यांनी चुन्याच्या खुणा केल्या होत्या. वरच्या दगडापाशी फूल पाण्यात सोडायचे, काठाने चालत खालच्या दगडाशी यायचे आणि फूल पोचेपर्यंत आकडे मोजायचे. त्यावरून पाणी किती जोरात चाललंय आणि शेवटच्या शेताला कधी पोचेल, याचा अंदाज वहीत लिहायचे. लहानपणी मी हट्ट करून मोजायची. ते मला मोजू द्यायचे, “शाब्बास” म्हणायचे आणि मग दुसरं फूल टाकून स्वतः पुन्हा मोजायचे. वहीत जायचा तो त्यांचाच आकडा. एकदा मी फूल अगदी काठाला टाकलं, तर ते पोचेचना. तेव्हा अण्णा म्हणाले होते, “मधी पाणी पळतं, काठाला रेंगाळतं. नुसतं बघून कळत नाय, त्याला इचारावं लागतं.”

एवढं सगळं लहानपणापासून ठाऊक, आणि काल मी समुद्राला धरण समजून बसले होते. समुद्र तर पाट निघाला. फक्त दर सहा तासांनी उलटा वाहणारा.

“ही फुलं मला देता?” मी विचारलं.

“ती मेलेली आहेत गं,” बाई म्हणाल्या. “ताजी घे की.”

“मेलेलीच हवीत,” मी म्हटलं. बाईंनी काही न विचारता अख्खी बादली दिली.

धक्का लांबलचक होता, पार पाण्याच्या मध्यापर्यंत गेलेला. ओहोटी लागली होती. आधी काठाजवळ फूल सोडलं आणि दोन खांबांमधलं अंतर जाईपर्यंत मोजलं. एकेचाळीस. मग धक्क्याच्या टोकाला जाऊन तेवढ्याच अंतराला मोजलं. अकरा. विश्वास बसेना म्हणून पुन्हा सोडलं. पुन्हा अकरा. मागे पावलं वाजली. साळवी सर होते.

“देवाला साकडं घालतेस की काय?”

“नाही सर. पाण्याला विचारतेय.”

मी सगळं सांगितलं. अण्णांचे दगड, फुलं, दोन्ही आकडे. सरांनी बादलीतलं एक फूल उचललं, स्वतः सोडलं, घड्याळात बघितलं आणि मिशीवरून हात फिरवला.

त्या दिवशीच्या शर्यतीत पहिला बोया ओहोटीच्या उलट दिशेला होता. वारा मध्यावर जास्त, म्हणून झाडून सगळ्या होड्या मध्यावर गेल्या. मी सुकाणू काठाकडे वळवलं.

“तिकडे वारा नाही गं,” नीलिमा म्हणाली.

“पाणीपण नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे आपल्याला मागे ओढणारं पाणी नाही. सांगते ते ऐक.”

तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ऐकलं. इतक्या काठाने गेलो, की होडीच्या पोटातून खाली सोडलेली फळी दोनदा वाळूला घासली आणि नीलिमाने ती झटकन वर ओढली. किनाऱ्यावर कुत्रं फिरवणारा एक माणूस आम्ही बुडणार अशा समजुतीने हातवारे करत होता. आमचा वेग काही फार नव्हता. पण मध्यावरच्या होड्यांची शिडं टम्म फुगलेली आणि होड्या जागच्या जागी. आम्ही एकेकीला मागे टाकत गेलो. मागे पडलेल्या दहा होड्या मोजेपर्यंत नीलिमाला दम निघाला, मग ती हसायलाच लागली. या खेपेला बोयावर नाक रोखलं नाही. पाणी आम्हाला खाली ओढणार हे धरून बरीच वरून आले आणि वळले. बोया हातभर लांबून गेला.

चौथ्या आलो. बक्षीस तिघांना होतं, तेव्हा बक्षीस नाही मिळालं. पण चौतिसांत चौथं. हे लिहितानाही माझा ऊर भरून येतो आणि ते लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

फळ्यापाशी तो म्हातारा गृहस्थ खडू घेऊन उभा होता. “तो काठ इथल्या जुन्या कोळ्यांनाच ठाऊक आहे,” तो मला म्हणाला. “तू कुठल्या समुद्रावर शिकलीस?”

मी तोंड उघडायच्या आत मागून साळवी सरांचा आवाज आला. “समुद्रावर नाही. धरणावर. नाशिकची आहे ती. तिथे मुंबई लिहिलंय ते पुसा.”

मुंबई नीलिमाचं गाव होतं. तिने स्वतः सांगितलं, दोन्ही लिहा, नाशिक आधी. म्हाताऱ्याने मला एकेक अक्षर विचारून ते लिहिलं. मी पुढे होऊन हात लावणार होते, पण खडू पुसला जाईल म्हणून लावला नाही. सुकाणू शेवटच्या दिवसापर्यंत माझ्याकडेच राहिलं. पुढच्या शर्यतींत कधी नववी, कधी बारावी आले, एकदा तर एकविसावीही. पण कुठल्या पाण्यात काय चुकलं ते मला दर वेळी कळत होतं. निघताना मिसेस हार्परनी झेंडूचं बी कागदात बांधून दिलं आणि चटणीची रिकामी बरणी ठेवून घेतली.

नाशिकरोडला पुन्हा तीच गर्दी, पुन्हा काशिनाथमामांचा हार. “आमची पोर लय लांब जाऊन आली,” मामा हमालालासुद्धा सांगत होते. आईने आधी मी किती वाळले ते बघितलं. अण्णा बॅग उचलून पुढे चालू लागले. एस.टी.त मी त्यांना फुलांची सगळी हकिगत सांगितली. त्यांनी मध्ये एकच प्रश्न विचारला, “काठाला किती, मधी किती?” मी आकडे सांगितले. त्यांनी मान हलवली आणि घर येईपर्यंत रस्त्याकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याबरोबर पाटावर गेले. आवर्तन (शेतीला पाणी सोडण्याची पाळी) चालू होतं, पाट भरून वाहत होता. चुन्याच्या खुणांचे दोन्ही दगड जागच्या जागी होते. विलायत बघून आल्यावर आपलं गाव लहान वाटतं म्हणतात. मला पाट होता त्याहून मोठा वाटला. अण्णांनी खिशातून कालचं फूल काढलं आणि माझ्या हातात दिलं.

मी ते मध्यावर सोडलं, काठाने चालत गेले, मोजलं. “सव्वीस.”

अण्णांनी खिशातून वही काढली. मी सवयीने बाजूला झाले, त्यांना दुसरं फूल टाकायला जागा करून दिली. त्यांनी टाकलं नाही. पेन्सिलीला थुंकी लावली, सव्वीस लिहिलं, वही मिटून खिशात घातली आणि पुढच्या दरवाजाकडे चालू लागले.