दोनसाठीही तसंच

बाबांचा विषय मूळ संख्या, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग न जाणाऱ्या. हे सांगितलं की हमखास कुणीतरी विचारायचं, "मग माझा लकी नंबर सांगा की!" बाबा गंभीर चेहऱ्याने सांगायचे, "शून्य."

तरुणपणी त्यांनी एक प्रमेय सिद्ध केलं. ते त्यांच्या नावाने शिकवलं जायचं. त्यापायी आमचं लहानपण मात्र त्यांच्या खोलीबाहेर गेलं. "बाबा विचार करताहेत," असं आई म्हणाली की आम्ही भावंडं कुजबुजत भांडायचो. मी कधी काही विचारलंच तर "नंतर," एवढंच उत्तर. फार लागायचं ते मनाला. मोठेपणी मी स्वतःची समजूत घातली, की आपल्याला नाही मिळाला वेळ, पण त्यातून काहीतरी कायमचं उभं राहिलं ना.

पुढे ते अंथरुणाला खिळले. त्यांची शेवटची विद्यार्थिनी प्रबंध घेऊन आली ती चेहरा पाडूनच. मला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाली, "ताई, सरांच्या सिद्धतेत चूक आहे. विषम मूळ संख्यांचं सगळं चोख केलंय. राहिला एकटा दोन, मूळ संख्यांतला एकमेव सम. तिथे 'दोनसाठीही तसंच' एवढं लिहून पुढे गेलेत. दोनला ते लागूच होत नाही. आणि पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे."

माझं डोकंच फिरलं. "इतकी वर्षं कुणाला दिसलं नाही, ते तुला आत्ताच दिसायचं होतं? थांब की थोडी. राहिलेत किती दिवस त्यांचे!"

"थांबले असते हो. पण ही चूक प्रबंधात मांडलीय, आणि त्यावर सही सरांचीच लागते."

"कसली खुसुरफुसुर चाललीय? इकडे या," आतून हाक आली.

तिने रडत रडत सांगितलं. बाबांनी कागद डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ तसाच धरला. मग कपाळावर हात मारून घेतला.

"दोन! गाढव आहे मी. दोनवर विश्वास ठेवू नका म्हणून वर्गात घसा कोरडा केला!" आणि चक्क हसले. "अगं, म्हणजे प्रश्न अजून जिवंत आहे! आण इकडे, सही करतो."

ती गेल्यावर मला राहवलं नाही. "हसताय काय बाबा? आमचं सगळं लहानपण त्याच्यात गेलं. आणि ते चुकलेलं!"

बाबा कण्हत कण्हत सरकले आणि पलंगावर जागा केली.

"बस. कुठे चुकलो ते सांगतो."

जेवणाची वेळ टळली तरी ते सांगत होते. मी मध्येमध्ये अडवत होते, वाद घालत होते.

बाबा गेले. प्रमेयावरून त्यांचं नावही गेलं. त्यांनी काय मिळवलं, ते मला आजही धड सांगता येत नाही. कुठे चुकले, ते मात्र कुणीही विचारा, इत्थंभूत सांगते.