आत्याची दोन बोटं

लोकांच्या लेकरांच्या नाकावर धुळ्याच्या आत्याइतकं लक्ष ठेवणारं माणूस अख्ख्या खान्देशात सापडणार नाही, लिहून घ्या! आत्या म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या. बाकीच्या बायका बाळ कुणावर गेलंय ते बघतात, ही आधी नाक बघते. नाक उघडं आहे ना, तोंड दिसतंय ना, आणि मग हनुवटीखाली स्वतःची दोन बोटं घालणार. मावली तर श्वासाला वाट मोकळी, बाळ पास! ओळख असायचीही गरज नाही हां. एकदा बोदवड स्टेशनात एका बाईने पोटाशी गाठोडं धरलेलं, वरून पदर. आत्याने धावत जाऊन पदर ओढला तर आत भरताची वांगी! ती बाई बघतच राहिली. आत्या म्हणाली, "वांगं शे म्हनीसन वाचनं!" म्हणजे वांगं आहे म्हणून वाचलं, आणि खुशाल गाडीत चढली.

सई तीन महिन्यांची असताना मी ते पोटाशी बांधायचं कॅरिअर घेतलं, तर सासूबाई म्हणाल्या, "माकडीण दिसतेस." आत्याला मात्र जाम आवडलं. खास जळगावला येऊन तिने दोन दिवस माझी परेडच घेतली. पाजताना पट्टा सैल कर, बाळ जरा खाली घे, मानेला हात दे. पिऊन झालं की लगेच वर, उभं, पट्टा घट्ट. "पप्पी घेता येईल इतकं वर! पप्पीसाठी वाकावं लागलं तर नापास."

मग आलं रावेरचं लग्न. मांडवात ऊन मी म्हणत होतं. सई रडायला लागली, मी खुर्चीवरच कॅरिअरचा पट्टा सैल करून पाजायला घेतलं आणि सासूबाईंनी रीतीप्रमाणे माझी ओढणी तिच्या तोंडावर ओढली. नजर लागते ना! सई पिता पिता झोपली, मी जावेशी गप्पांत रंगले, तिला वर घ्यायचं राहूनच गेलं. तेवढ्यात समोरच्या पंगतीतून आत्या उठली. उजव्या हातात बट्टी तशीच, डाव्या हाताने ओढणी फर्रकन बाजूला! सई खाली घसरलेली, हनुवटी छातीला टेकलेली, लालबुंद, घामाने चिंब. आत्याने बोटं घालून बघितली. मावलीच नाहीत. बट्टी टाकून तिने सईला उचललं, आणि सईने असं भोकाड पसरलं की बँडवाले थांबले.

"अक्का, चारचौघात!" सासूबाई म्हणाल्या. "नजर लागेल ना पोरीला!"

"नजर लागू दे गं, आधी हवा लागू दे!"

घरी येताना गाडीत मात्र सईच्या तोंडावर आलेली माझी ओढणी सासूबाईंनीच हळूच बाजूला सरकवली.

सई आता तीन वर्षांची आहे. मागच्या रविवारी धुळ्याला गेलो तर आत्या खुर्चीत पेंगत होती. आजकाल ती बोलता बोलताच पेंगते. हनुवटी छातीवर. सई तिच्या मांडीवर चढली आणि हनुवटीखाली दोन बोटं घालायला लागली. मावेनात. मग तिने दोन्ही हातांनी आत्याचं तोंड वर केलं.

आत्याने डोळे उघडलेच नाहीत. "दिसस का नाक?"

"दिसतं."

"मग झालं," म्हणाली आणि पुन्हा झोपली. मी सईला खाली बोलावलं, पण ती येईना. आत्याच्या हनुवटीला हात लावून तशीच बसून राहिली.