एका ‘आत’ची मोटार

मी जन्मात एकच मोटार घेतली, तीही बोलण्याच्या चुकीनं.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी बेळगावात उद्यमबागेतल्या कारखान्यात नोकरीला आणि बिऱ्हाडात एकटा. बायको बोरगावच्या शाळेत मास्तरीण, आई तिच्याजवळ. आईला बसमध्ये मळमळायचं (बस सुटायच्या आधीच!), त्यामुळं दोघी कधी यायच्याच नाहीत. संध्याकाळी कुलूप काढताना मी मुद्दाम खोकायचो. आत कुणी नसायचं, पण सवय मोडू नये म्हणून.

शेवटी ठरवलं, जुनी मोटार घ्यायची आणि दर शनिवारी दोघींना घेऊन यायचं. दोन गाड्या नजरेत होत्या. खडेबाजारातल्या एका डॉक्टरांची फियाट, लहान पण नीटस, मागचं एक दार तेवढं रुसलेलं. दुसरी निपाणीच्या तंबाखूवाल्या मालकांची अ‍ॅम्बेसडर. ऐसपैस, पण वर्षानुवर्षं तंबाखूची पोती वाहून तिच्या गाद्याही तंबाखूच झालेल्या.

सासूची काळजी करत बायकोनं बजावलं होतं, "फियाटच घ्या. आत्याबाईंना तंबाखू सोसत न्हाय."

मलाही पटलं होतं. पण दोन्ही बघून घेतल्या म्हणायला बरं, म्हणून निपाणीला गेलो. मालक घरात कन्नड आणि दुकानात मराठी बोलायचे. गाडी घर आणि दुकान यांच्या मधल्या अंगणात उभी होती. तिच्याभोवती फिरून झालं. जरा बसून बघावं म्हणून मी दाराला हात लावला आणि विचारलं, "आत?"

आमच्याकडच्या कन्नडात ‘आत’ म्हणजे झालं, ठरलं. मला काय हे ठाऊक नव्हतं? रोज ऐकतो की! पण त्या घटकेला मी मराठीत होतो आणि मालक कन्नडात.

त्यांनी माझ्याकडं रोखून बघितलं. "आत?"

"व्हय, आतच," मी म्हणालो.

"आत री!" म्हणत त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. नारळ फुटला, गाडीला हार पडला, दुकानभर पेढे फिरले. मला नुसतं बसायचं होतं, हे सांगायला तोंड उघडलं तर त्यात पेढा आला. आणि खरं सांगू? कितीतरी दिवसांत माझा हात कुणी एवढ्या मायेनं धरला नव्हता. तो सोडवून घेववेना.

शनिवारी बोरगावला गेलो. आई ठेवणीतलं लुगडं नेसून गाडीत बसली आणि शिंकली. मग थांबेचना. हॉर्नची गरजच पडली नाही, लोक शिंका ऐकून बाजूला होत होते. वेशीवर ती उतरली. "बाळू, ह्यापरास बस बरी रं." तिला एकटीला सोडून बायको कशी येणार? तीही उतरली. दशम्यांचा डबा तेवढा सीटवर ठेवला.

बेळगावला पोचलो. कुलूप काढायला जीव होईना, म्हणून गाडीतच दशम्या खात बसलो. त्यांनाही तंबाखूचा वास लागला होता.

शेजारच्या आप्पांनी हार बघितला आणि काचेशी वाकून, व्यवहार ठरला का, अशा अर्थानं कन्नडात विचारलं, "आत?"

"व्हय आप्पा," मी म्हणालो, "आत. एकटाच."